पुलापलीकडे नेलेल्या बंदुकीबाबत

मी, व्हर्ना टॉलेफसन, वय ७१ वर्षे, पूर्वी शाळेची बस चालवत असे, आता निवृत्त, राहणार क्लार्कस्टन, राज्य वॉशिंग्टन. लुइस्टन, राज्य आयडाहो, येथील शेरीफ कचेरीत आपण होऊन आले असून समक्ष सांगते ते असे:

मी वरील ठिकाणी एकटी राहते. पती वारले. मूलबाळ नाही. मयत ऑर्व्हल पिकेन्स, वय ७८, हे नदीच्या अलीकडे, लुइस्टनमध्ये राहत. त्यांची पत्नी व मी चर्चच्या स्वयंपाकघरात बरोबर काम करत असू. ती गेल्यानंतर ऑर्व्हलही एकटेच होते. दर रविवारी मी पूल ओलांडून त्यांच्याकडे जेवायला जात असे. मांस-बटाटे मी नेत असे, कॉफी त्यांची असे. कॉफी वाईट असे.

गेल्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या रविवारी, जेवण झाल्यावर त्यांनी हरणाच्या शिकारीची बंदूक भिंतीवरून काढली व माझ्यापुढे धरली.

"ही घेऊन जा."

"मी काय करू हिचं? खारी मारू?"

"काहीही कर. इथे नको."

मी विचारले, "ऑर्व्हल, डोक्यात काही चाललंय का?"

"हिवाळा मोठा आहे, व्हर्ना. आणि ही सारखी माझ्याकडे बघत बसते. ने म्हणतो ना."

मी बंदूक चादरीत गुंडाळून गाडीच्या डिकीत ठेवली. घरी आल्यावर पतीच्या कोटांमागे कपाटात उभी केली. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी त्यांना फोन करत असे. ते म्हणत, "आहे, आहे. इतक्यात तुझी सुटका नाही," आणि ठेवून देत. पुष्कळदा दिवसभरात मी तेवढेच बोललेली असे.

विचारल्यावरून सांगते की, बंदुकीबद्दल मी काही दिले नाही व त्यांनी मागितले नाही. नदी ही दोन राज्यांची हद्द आहे हे मला माहीत होते. बंदूक हद्दीपलीकडे नेण्याचा कायदा माहीत नव्हता.

मार्चमध्ये ऑर्व्हल यांना न्यूमोनिया झाला व ते रुग्णालयात वारले. तिथे फक्त घरच्यांना आत सोडत. दफन झाल्याचे मला वर्तमानपत्रातून समजले. त्यांची मुलगी जनीन ॲरिझोनाहून आली. भिंतीवर बंदूक नाही असे पाहून तिने चोरीची तक्रार दिली. हे त्यांच्या शेजाऱ्यांकडून कळल्यावर मी आज आले.

हा जबाब लिहून घेणारे डेप्युटी शेरीफ क्रेग योडर हे लहानपणी माझ्या बसमध्ये असत. त्यांनी मला समजावले की, मयताची बंदूक मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने मिळाली तर परराज्यातला वारस ती नेऊ शकतो. मात्र जिवंत माणसाने परराज्यातल्या माणसाला द्यायची तर परवानाधारक दुकानदारामार्फतच द्यावी लागते. तसे न केल्यास देणारा व घेणारा दोघेही गुन्हेगार ठरतात. मग लिहायचे थांबवून ते म्हणाले,

"मिस व्हर्ना, शिकारीपुरती उसनी दिली असेल तर चालतं. उसनीच दिली होती ना?"

"क्रेग, मला शिकार करताना पाहिलंयस कधी? रस्त्यात हरीण आलं की मी बस थांबवायचे."

"हो, आणि आम्हाला शाळेला उशीर व्हायचा. तरी नीट विचार करून सांगा."

मी विचार केला. 'उसनी' म्हटले असते तर मी सुटले असते आणि जनीनलाही काही ऐकावे लागले नसते. पण त्या रविवारी ऑर्व्हल यांनी हिवाळा निभावा म्हणून आपल्या हाताने बंदूक घराबाहेर काढली, हे मग कोणालाच कळले नसते. म्हणून 'उसनी' लिहू नये असे मी सांगितले.

क्रेग यांनी बोलावून घेतलेली जनीन बाहेर बाकावर बसली होती. तिला आत बोलावून मी हे सर्व सांगितले. ती म्हणाली, "मला तर फोनवर म्हणायचे, सगळं झकास चाललंय."

मी म्हटले, "मलाही रोज 'आहे, आहे' एवढंच म्हणायचे."

ती म्हणाली, "बंदूक तुम्हीच ठेवा. मला नको."

क्रेग म्हणाले, "तशी नाही देता येणार. आता ती तुमची, आणि तुम्ही ॲरिझोनाच्या."

त्यावर आम्ही दोघी हसलो. जनीनला नंतर रडू आले. मी तिला माझा रुमाल दिला.

तिने चोरीची तक्रार मागे घेतली आहे. माझ्यावर खटला भरायचा की नाही ते सरकारी वकील ठरवतील. बंदूक माझ्या घरी आहे, ती मी ताब्यात देण्यास तयार आहे.

वरील मजकूर क्रेग योडर यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो आहे.

सहीच्या वर 'मयताशी नाते' असा रकाना आहे. क्रेग यांनी विचारले, "मैत्रीण लिहू?" मी म्हटले, "तो शब्द आम्ही कधी वापरला नाही." "मग शेजारी?" "मध्ये नदी आहे ना." रकाना कोरा ठेवला आहे. तो चुकून राहिलेला नाही.

सही,
व्हर्ना टॉलेफसन