देव मांडीवर, कपाट पुढं

स्कूटरचं पंक्चर निघेपर्यंत कुसुमताई महाळुंग्यात हनीफच्या गॅरेजसमोरच्या बाकावर टेकल्या होत्या. तेवढ्यात मागं होडीचा रिकामा ट्रेलर जोडलेली एक जीप येऊन थांबली. उतरलेल्या माणसानं हनीफचा काळा हात दोन्ही हातांत धरला.

“हनीफभाई, वळखलं का? मी ज्योतीराम. ह्याच ट्रेलरवर घराचं सामान घालून पुनावळ्याला चाललो होतो.”

“विसरेन कसा! शेपटासारखा हलत होता ट्रेलर. मी हात करून थांबवलं नसतं, तर हायवेला जीपच पलटी झाली असती.”

“व्हय ना. आपल्याला होडी न्यायची सवय, राव. सामान कसं भरायचं ते काय ठावं?”

“पण सगळं जड मागं का टाकलं होतं?”

“पुढं देव ठेवले होते. देवांच्या अंगावर कपाट कसं लोटायचं?”

“म्हणून तर म्हटलं, देव वहिनींच्या मांडीवर द्या आणि कपाट पुढं घ्या. वजन जीपच्या हुकाकडं असलं की ट्रेलर डोलत नाही.”

“सुतासारखा सरळ आला बघा. रविवारी वास्तुशांत हाय. भाभींना घेऊन जेवायला यायचं.”

“येतो की. देव कुठं बसवले?”

“अजून पाटावरच हायेत. देव्हाऱ्याचा खिळा ठोकलाच न्हाई. बायको म्हणती, ज्यानं देवांना सुखरूप आणलं, जागा त्यानंच दाखवायची.”

हनीफनं हातातला टायर खाली ठेवला. कुसुमताईंना घाई होती, पण त्यांनी सरकून ज्योतीरामला बाकावर जागा करून दिली.

“खिळा नको, ज्योतीरामभाऊ. देव्हाऱ्याला वजन असतं. मी ड्रिल घेऊन येतो.”