कपाटाच्या नाटकाबद्दल मी जे बोललो होतो

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, म्हणजेच आमच्या नाट्यगृहाचे व्यवस्थापक साहेब, लांबचा प्रवास करून आलेल्या प्रमुख पाहुण्या दिग्दर्शिका ताई, मधल्या खुर्चीत अवघडून बसलेल्या सत्कारमूर्ती मावशी, तिकीटखिडकीपासून पडद्याच्या दोरीपर्यंत राबणारे माझे सहकारी, आणि एरवी माझ्यासमोर रांगेत उभं राहून "आटप रे लवकर" म्हणणाऱ्या, पण आज निवांत बसलेल्या तमाम रसिक मंडळींनो, सगळ्यांना माझा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. साहेबांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलेलं मला इथून दिसतंय. साहेब, ते जरा पालथं घालून ठेवा. माझी शाळा सातवीत सुटली, भाषण आयुष्यात पहिल्यांदाच करतोय, आणि आज जे बोलायचंय ते पाच मिनिटांत आटपणारं नाही.

मावशी या नाट्यगृहात तेहतीस वर्षं कोट, छत्र्या आणि पिशव्या सांभाळायच्या खिडकीत बसल्या, आणि आज निवृत्त होतायत. तुम्ही कोट द्यायचा, मावशींनी पितळी बिल्ला द्यायचा. नाटक सुटलं की बिल्ला द्यायचा, कोट घ्यायचा. काम एवढंच. आता मला सांगा, एवढ्याशा कामासाठी कुणी अख्खं सभागृह भरवतं का? तुम्ही आज कोटासाठी आलेला नाहीत. तुम्ही आलात, कारण तिकीट काढण्याआधी तुम्ही सगळे, आणि यात पेपरात नाटकांवर लिहिणारे सुद्धा आले, हळूच त्या खिडकीशी यायचात आणि विचारायचात, "मावशी, बघू का हे?"

मावशींची उत्तरं तीनच. एक, "जा." दुसरं, "घरी काही काम नसेल तर जा." आणि तिसरं, "घरी पाहुणे आले असतील तर त्यांना पाठवा." तिसरं उत्तर मिळालेलं नाटक महिनाभर टिकलेलं मी पाहिलेलं नाही.

मी चार वर्षांपूर्वी या शहरात आलो. एका जागी बूड टिकत नाही अशी माझी ख्याती. इथे येण्याआधी बेकरी, गोदी, गाड्या धुवायचं केंद्र, सगळीकडे चार-चार महिने काढून झालेले. मावशींच्या हाताखाली लागलो तेव्हा वाटलं होतं, इथेही फार तर थंडी संपेपर्यंत. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं, "मावशी, तुम्ही तर नाटक सुरू असताना इथेच असता. आत न जाता तुम्हाला कळतं कसं?"

मावशी म्हणाल्या, "बाहीकडे बघ."

"कुठल्या बाहीकडे?"

"कोटाच्या. नाटक आवडलं नाही की माणूस पहिल्या फटक्यात बाहीत हात घालतो, त्याला घरी जायचं असतं. ज्याच्या डोक्यात अजून नाटक चालू असतं, त्याला बाही सापडत नाही. आणि बिल्ला बघ. कंटाळलेल्या माणसाचा बिल्ला गरम असतो. शेवटचा अर्धा तास मुठीत धरून बसलेला असतो तो."

मंडळी, त्या संध्याकाळी मी पाहत राहिलो. आणि खरंच सांगतो, अंगावर काटा आला. एक धिप्पाड गृहस्थ, नंतर कळलं की मोठे वकील आहेत, आपल्या कोटाच्या बाहीत चार वेळा हात घालायला गेले आणि चारही वेळा हात बाहेर हवेत. तोंडाने मित्राला सांगत होते, "ठीक आहे, दुसरा अंक ताणलाय जरा." मावशींनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. ते नाटक पाच महिने चाललं.

तुमच्या रांगेतल्या गप्पा हे तर माझं खरं शिक्षण. ती नणंद-भावजयीची जोडी आज दुसऱ्या रांगेत बसली आहे. हसू नका, तुमच्याबद्दलच बोलतोय. नणंद म्हणणार, "काय काम केलंय तिने!" भावजय म्हणणार, "काम? ओरडत होती नुसती." "तुला शांत बाई कधी आवडली नाही." "तुमच्या घरात आल्यापासून एकही भेटली नाही, आवडणार कुठून?" आणि दातांचे डॉक्टर. त्यांना प्रत्येक नाटक "उत्तम" वाटतं. एकदा भिंत नटाच्या अंगावर पडली, प्रयोग थांबला, तरी बाहेर येऊन म्हणाले, "उत्तम. वेगळा शेवट."

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

दोन वर्षांपूर्वी मावशींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पंधरा दिवस खिडकी माझ्या एकट्याच्या ताब्यात. आणि नेमकं त्याच आठवड्यात इथे एक नवं नाटक लागलं. बाप आणि मुलगा जुन्या घरातलं लोखंडी कपाट जिन्यावरून खाली उतरवतायत. बाप वरच्या बाजूला, मुलगा खालच्या. जिन्याच्या वळणावर कपाट अडकतं. नऊ वर्षं ते एकमेकांशी बोललेले नाहीत. आता कपाटाच्या दोन बाजूंना उभे आहेत, तोंड दिसत नाही, आणि हात सोडला तर कपाट मुलाच्या अंगावर येणार. दीड तास, मध्यंतर नाही. एवढंच नाटक.

हे नाटक आज व्यासपीठावर बसलेल्या ताईंनी बसवलं होतं. तीन वर्षं घालवली होती त्यांनी त्यावर. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तर जीभ आवरली असती का? मन मोठं करून "हो" म्हणावंसं वाटतं, पण खात्री नाही.

पहिला प्रयोग सुटला. लोक बाहेर आले आणि रांगेत चिडीचूप. नणंद-भावजय गप्प. डॉक्टरांच्या तोंडून "उत्तम" नाही. सगळे भराभर कोट घेऊन बाहेर. मी मनात म्हटलं, पडलं. दुसऱ्या दिवशी तुमच्यातल्याच कुणीतरी विचारलं, "काय रे, मावशी नाहीत, मग तू सांग. कपाटाचं नाटक कसं आहे?"

मी आत पाऊलही न टाकता म्हणालो, "काय सांगू? कपाट अडकलंय, नाटकही अडकलंय."

हशा पिकला. मंडळी, आयुष्यात माझ्या वाक्यावर इतकी शिकलेली माणसं कधी हसली नव्हती. मग मी ते रोज बोललो. कुणी विचारलं नाही तरी बोललो. चार दिवसांत ते वाक्य शहरभर झालं. पेपरात सुद्धा आलं, "प्रेक्षकांत असं बोललं जातंय की" म्हणून. मी ते कात्रण कापून पाकिटात ठेवलं होतं. खिडकी मावशींची होती, म्हणून लोकांनी माझ्या तोंडावर विश्वास ठेवला.

दुसऱ्या आठवड्यात आत साठ माणसं. तिसऱ्यात तीस. महिनाभराचं नाटक तिसऱ्या रविवारी बंद करायचं ठरलं, दारावर कागद लागला.

त्या आठवड्यातल्या गुरुवारी मावशी कुबडी घेऊन कामावर आल्या. आल्या आल्या विसरलेल्या सामानाची फळी बघितली. तिथे एकोणीस छत्र्या होत्या, सात मफलर, वाचायचे तीन चष्मे आणि एक काठी. हाताला घासून मूठ गुळगुळीत झालेली काठी.

"हे कुठल्या नाटकाचं?"

"कपाटाच्या. पडलं ते, मावशी. लोक एक शब्द न बोलता पळत होते."

"बाह्या बघितल्यास?"

मी बघितल्या नव्हत्या. मी वाट बघत होतो, कुणी मला विचारतंय का याची.

मावशींनी काठी उचलली आणि माझ्यासमोर धरली. "काठीवर चालणारा म्हातारा माणूस काठी इथे विसरून घरी चालत गेला, आणि तू म्हणतोस पडलं?"

अहो, नुसतं रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "शनिवारी दुपारचा प्रयोग आहे. तिकीट काढ. रांगेत उभा राहा. कोट मला दे, बिल्ला घे, आणि आत जाऊन बस."

मी याआधी अख्खं नाटक पाहिलं नव्हतं. नाट्यगृहात काम करून! चारशे खुर्च्या, त्यात आम्ही एकतीस जण. अंधार झाला. आणि ते कपाट, त्यावर उजेड पडला. आता मी ते कसं सांगू? बाप दिसत नाही, फक्त त्याचा श्वास ऐकू येतो. मुलगा म्हणतो, "सोडू नका." बाप म्हणतो, "मी कधी सोडलं?" बस, एवढंच. आणि मला समजेना की मी खुर्चीचे हात इतके का आवळून धरलेत. खोटं कपाट, पुठ्ठ्याचं, संध्याकाळी दोन माणसं उचलून बाजूला ठेवतात, मी स्वतः हात लावलाय त्याला. तरी त्या दीड तासात ते मला माझ्या छातीवर जड लागत होतं. माणसं काय करू शकतात हो! दोन नट, एक जिना, थोडा उजेड. देवळात सुद्धा मी इतका गप्प कधी बसलो नव्हतो. शेवटी कपाट एक पायरी खाली सरकतं. एकच. आणि अंधार.

मी बाहेर पडलो ते थेट रस्त्यावर. बसथांब्यापर्यंत गेल्यावर लक्षात आलं, अंगात नुसता सदरा आहे आणि दात वाजतायत. तिथूनच मी घरी फोन लावला. वडील सुतार आहेत. तोवर चार वर्षं आमचं बोलणं नव्हतं, कारणं घरगुती आहेत, ती राहू द्या.

"कोण?"

"मी."

"बोल."

काय बोलायचं ते सुचेना, म्हणून मी नाटक सांगायला लागलो. पहिल्या उजेडापासून. थंडीत उभं राहून अख्खं नाटक सांगितलं. वडील मध्येच म्हणाले, "कपाट उतरवताना आधी दारं काढायची असतात. एवढी अक्कल नाही त्या बापलेकांना?" मी म्हटलं, "नाही ना, बाबा." तर म्हणाले, "बरं. पुढे काय झालं?"

मंडळी, मी त्या नाटकाची शिफारस पहिल्यांदा केली ती माझ्या बापाकडे. ज्यांना करायला हवी होती त्यांच्याकडे करेपर्यंत उशीर झाला होता.

परत आलो तर मावशींनी बिल्ला न मागता कोट पुढे केला. मी बाही शोधत होतो. त्यांनीच हात धरून बाहीत घातला आणि म्हणाल्या, "आता सांग लोकांना."

त्या संध्याकाळी इथे एक विनोदी नाटक होतं, गर्दीचं. कोट ठेवायला आलेल्या प्रत्येकाला मी सांगितलं, "कपाटाचं नाटक उद्या शेवटचं आहे. मी चुकीचं बोललो होतो, न बघता बोललो होतो. बघा." लोक हसले. "तूच म्हणालास ना, अडकलंय म्हणून?" एक जण तर म्हणाला, "आता कमिशन मिळतंय वाटतं!" त्या वाक्याला शहरभर जायला चार दिवस लागले होते. ते परत आणायला माझ्याकडे एक संध्याकाळ होती.

रविवारी चौसष्ट माणसं आली. एकतीसची चौसष्ट झाली, पण कागद दारावरून निघाला नाही. नाटक बंद पडलं.

प्रयोग संपल्यावर ताई स्वतःचा कोट घ्यायला खिडकीशी आल्या. मी मागे छत्र्या लावत होतो. त्यांनी मावशींना विचारलं, "खरं सांगा मावशी, नाटकात काय कमी पडलं?"

मावशी म्हणाल्या, "नाटकात काही नाही. आमच्या खिडकीत कमी पडलं."

ताईंना वाटलं, म्हातारी बाई समजूत काढतेय. त्यांनी मावशींचा हात दाबला आणि गेल्या. त्यानंतर त्यांनी नाटक बसवलेलं नाही, असं ऐकतो. मावशींनी माझं नाव तेव्हाही घेतलं नाही आणि नंतर दोन वर्षांत कुणापाशीही घेतलं नाही. गेल्या आठवड्यात साहेबांनी मला ती खिडकी देऊ केली. मी मावशींना म्हटलं, "ताई कार्यक्रमाला येणार आहेत. त्यांना तुम्ही सांगाल का?" मावशी म्हणाल्या, "तुझं तू सांग. मी बसलेली असेन."

ताई, तर ते वाक्य माझं होतं. पेपराचं नव्हे, प्रेक्षकांचं नव्हे, माझं. तुमच्या नाटकात काही कमी पडलं नाही. ज्यांनी पाहिलं त्यांना बाही सापडत नव्हती, आणि मी ते बघितलं नाही.

अध्यक्ष महाराज, खिडकी मी घेतो, पण एक विनंती आहे. हात बघून नाटक ओळखणं हे मावशींचं कसब, ते मला तेहतीस वर्षांत येईल न येईल. तोवर प्रत्येक नाटकाचा एक प्रयोग मला आत बसून बघू द्या. बघितल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही. साहेब मान हलवतायत. होकार आहे की डुलकी, ते नंतर विचारतो.

मावशी, तुमचे आभार मानायला माझ्याकडे शब्द कमी आहेत. कुठेच न टिकणारा माणूस तुमच्याजवळ चार वर्षं टिकला, हेच आभार समजा. रसिकहो, तुम्ही इतका वेळ ऐकून घेतलंत, तुमचे आभार. साहेब, पाच मिनिटांची वीस झाली, तुमचे विशेष आभार. माझ्या बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल, मानाचा क्रम चुकला असेल, कुणाची थट्टा जास्त झाली असेल, तर ते सगळं या सभागृहाने मोठ्या मनाने पोटात घालावं.

ते एक वाक्य मात्र पोटात घालू नका. त्याची माफी मी सभागृहाकडे मागत नाही. ताई, ती तुमच्याकडे मागतो, आणि इतक्या लोकांसमोर तुम्हाला नाही म्हणता येणार नाही, म्हणून आत्ता उत्तर देऊ नका. कार्यक्रम झाल्यावर कोट घ्यायला तुम्ही येणारच आहात. मी खिडकीत आहे.