'विश्राम' राहून गेला

तुम्हाला सांगतो, निवृत्त झाल्यावर मी एक दिवस आठवीचा विद्यार्थी झालो. आमची सुजाता खेळाची शिक्षिका व्हायला शिकतेय. तिच्या परीक्षेच्या पाठादिवशीच शाळेला अचानक सुट्टी, परीक्षक मात्र हजर.

"बाबा, तुमच्या मित्रांना घेऊन मैदानावर या, नाहीतर मी नापास!"

द्वारका चौकातल्या वाहतूक कोंडीतून आम्ही सगळे माजी कारकून पोहोचलो. परीक्षकांनी आम्हालाच आठवीचा वर्ग म्हणून चालवून घेतलं. सुजाताने 'सावधान' दिलं, तेवढ्यात त्यांनी तिला प्रश्न विचारायला बाजूला नेलं. 'विश्राम' राहूनच गेला. आमच्यातल्या गायकवाडांच्या नाकावर माशी बसली, तरी कोणी हललं नाही.

परीक्षक परतले ते थक्कच.

"आजोबा, माशी तरी हाकलायची!"

"वरून आदेश नव्हता, साहेब."

परीक्षक सुजाताकडे वळले. "पास आहात. आता यांना आधी सोडा."