सत्यवानाचा ऑपेरा आणि माझं गाऱ्हाणं

…नाही, पण माणसाने 'आ' करावा किती? तुम्हीच सांगा! दाढ काढणारा डॉक्टरसुद्धा म्हणतो, मास्तर, मिटा आता. इथे ती म्हापशाची बाई 'आ' म्हणून जी सुरू झाली, ती माझ्या शेजारचा माणूस उठून कुडाळच्या बाजारातून भाजी घेऊन परत आला तरी 'आ'च! आणि तिच्या मागे कोट-टाय घातलेली माणसं उभी, ती मधूनच म्हणायची, 'ख!' नुसता 'ख'! पुढचं अक्षर येईल म्हणून आम्ही वाट बघतोय, खाजं येईल, खरवस येईल, काहीतरी येईल… नाही! पुन्हा 'ख'! आणि ह्याला म्हणे ऑपेरा म्हणतात!

तुम्हाला सांगतो, मी हौसेने गेलो नव्हतो हो. मी कट्टा गावचा शाळामास्तर, गाणं मला कळतं, आमच्या दशावतारात पेटी आणि मृदंग सुरू झाला की झोपलेलं पोर उठून बसतं, ते गाणं! पण इथे मुलीचं प्रकरण. सुगंधा माझी एकुलती एक, तिची आई लवकर गेली, अक्काने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, वाढवलेली. तिला स्थळ आलं सत्यवानाचं. कुडाळात घर, मुंबईत सरकारी नोकरी, तोंडात सुपारीचं खांडसुद्धा नाही. मी आतून खूश! सहज विचारलं, फावल्या वेळात काय करता? तर म्हणतो, 'काका, ऑपेरा लिहितो. प्रायोगिक.' मला वाटलं, संगीत नाटकासारखं काही असेल, असू दे. मग त्याने टेपरेकॉर्डर काढून लावला… आमच्या म्हशीने दावं तोडलं! खोटं वाटत असेल तर अक्काला विचारा.

मी तिथेच ठरवलं, ही सोयरीक नको. तर सुगंधा म्हणते कशी, 'बाबा, टेपवर काय कळता? आधी समोर बसान ऐका, मगे नको म्हणा. तुमी नको म्हटल्यात तर मी परत तेचा नाव काढूचंय नाय.' आणि डोळ्यांत पाणी! अहो, एवढा शब्द दिला पोरीने. मी म्हटलं चल, ऐकतो, नको म्हणतो आणि मोकळा होतो.

म्हणून गेलो कुडाळात, त्याच्या ऑपेऱ्याला. हॉल गच्च! बाजाराचा दिवस, त्यात फुकट, माणसं टोपल्या घेऊन आत. आणि समोर काय? चार व्हायोलिनं, एक ढोल, एकजण सायकलचं चाक उलटं धरून त्यावर सळी घासतोय! आणि सत्यवान हातात छडी घेऊन उभा, अख्खा वेळ आमच्याकडे पाठ! होऊ घातलेला जावई सासऱ्याकडे पाठ करून छडी हलवतोय, ही कुठली रीत? मागून कुणीतरी विचारतो, 'मास्तरांनू, राजा कधी येतलो?' मी म्हटलं, 'ह्यात राजा नाय.' 'मगे राक्षस?' म्हटलं, 'तोच चल्लो आसा मघापासून!'

गोष्ट काय, तर एका बाईच्या शेतात खाडीचं खारं पाणी शिरतं. एवढंच! अरे मग 'पाणी शिरलं' असं सांग की बाई, चार माणसं जमवू, बांध घालू, विषय संपला! पण नाही. ती 'आ', ते 'ख', आणि सायकलचं चाक! आणि माझी पोरगी डोळे मिटून ऐकतेय, चेहऱ्यावर असं समाधान की मला तिचा राग यावा की कीव, तेच कळेना. ह्याला म्हणे ऑपेरा म्हणतात!

आणि मग त्या बाईने केस सोडले. डोळे पांढरे केले, अंग थरथर कापतंय, आवाज असा चढवला की कौलं हलली. अक्काने माझा हात घट्ट धरला, 'रे भाई, हिच्या अंगात इला!' झालं! आमच्याकडे अंगात येणं म्हणजे थट्टा नव्हे. हॉलातल्या बायका हात जोडून उभ्या, पोरं रडायला लागली. अक्का सरळ पुढे गेली, उद्घाटनाचा नारळ उचलून त्या बाईसमोर धरला, 'बाय माझे, तू खंयची? काय होया तुका?' बाईने आणखी वरचा 'आ' दिला! सगळा हॉल ओरडला, 'मास्तर, गाऱ्हाणा घाला!'

आता गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराण्याकडे. देवाकडे मागणं मी मोठ्याने मागायचं, आणि माणसांनी मागून होकार द्यायचा. मी वहाणा काढल्या, हात जोडले आणि आवाज लावला.

'हे बा देवा म्हाराजा!'

'व्हय म्हाराजा!' अख्खा हॉल!

'ह्या बायचा जा काय वाकडा असात, ता सरळ कर रे म्हाराजा!'

'व्हय म्हाराजा!'

'ह्यो जो काय आरडाओरडो चल्लो आसा, तो बंद कर रे म्हाराजा!'

'व्हय म्हाराजा!' हा सगळ्यांत मोठा!

'आणि ह्या छडीवाल्या झिलाक बरी बुद्धी दी रे म्हाराजा!'

'व्हय म्हाराजा!'

इथे थांबायचं की नाही? पण तोंडाला सवय! शेवट आजोबांपासून ठरलेला, तो आपोआप बाहेर पडला, 'आणि माझ्या लेकरांच्या मनात जा काय असात, ता पुरा करून दी रे म्हाराजा!'

'व्हय म्हाराजा!'

धाडकन ढोल वाजला. बघतो तर सत्यवान आमच्याकडे तोंड करून उभा, छडी वर, मघापासून प्रत्येक 'व्हय'ला ढोलवाल्याला खुणा करतोय! अंगावर काटा आला माझ्या. आला तो आला, खोटं कशाला बोलू? पण तो गाऱ्हाण्याने आला, ऑपेऱ्याने नव्हे, हे लिहून ठेवा! बाईने तोंड मिटलं आणि पदराने घाम पुसला. तिला काहीसुद्धा झालं नव्हतं, त्यांच्यात तसंच गातात म्हणे! सत्यवान धावत आला, 'काका, ह्येचो शेवट माका सुचत नव्हतो. तुमी दिलास!' आणि सुगंधा रडत माझ्या पायांवर.

मी म्हटलं, 'गो, मी नको म्हणूक इललंय!'

अक्का गरजली, 'गप रे भाई! सगळ्यांदेखत देवाकडे मागलंस, सगळ्यांनी व्हय म्हटला. आता परत घेतंस काय?'

कसं घेणार? उद्या देवळात कोणत्या तोंडाने उभा राहू?

तुळशीचं लग्न झालं की सुगंधाचं. मी बँड सांगायला निघालो, तर जावई म्हणतात, 'कित्याक काका? आमचेच वाजपी लोक येतत मा!' आणि मंगलाष्टकं कोण म्हणणार? म्हापशाची बाई! अहो, अष्टकं! आठ! मुहूर्त सकाळचा आहे, अक्षता पडेपर्यंत दिवेलागण! अक्का म्हणते, 'एकदा देवाक सांगान बघ, काय फरक पडता काय.' मी हात जोडले. म्हटलं, नको गो बाय. मी आता देवाकडे काही मागत नाही. मागितलं की देतो तो.