चार बोटं उंच

हबीब : …अन् येवढा कापूस आनला कोठून? तुह्या बापानं देला?

(हबीब पिंजाऱ्याची ओसरी. हिवाळ्यातलं दुपारचं ऊन. शाळकरी शालू गाठोडं सोडून बसली आहे. हबीबच्या पिंजणीची ताणलेली दोरी, तात, गुणगुणते आहे आणि कापसाचे तंतू उन्हात तरंगत आहेत.)

शालू : नाही चाचा. शाळेतल्या समद्या पोट्ट्याइचा हाय. भगवंतराव मास्तर म्हने, दुलईसाठी घरून रोज एक मूठ आनाची, सोताच्या मुठीनं. सरकी आम्हीच काढली मधल्या सुट्टीत.

हबीब : म्हनून एकेक पुंजका वायला दिसून राह्यला. नांदुऱ्याच्या जिनिंग कारखान्यात गेला की समदा एकच होते. इथी ज्याचा त्याचा वळखू येते. हा पिवळट कोनाचा?

शालू : माहा. मायनं बाहुलीसाठी देला होता. पहिल्या दिवशी मूठ उघडतच नव्हती चाचा. मले रडू आलं.

हबीब : मास्तर रागावला?

शालू : नाही रागावले. दुसऱ्या दिवशी आपोआप उघडली. आता रस्त्यानं कोनी कुडकुडत असलं तं माह्या ध्यानात येते. आधी दिसतच नव्हतं.

हबीब : हं.

शालू : ह्या तातीनं मले झोप येते.

हबीब : मीट डोळे. तुही सलीमाचाची बी इथीच बसे, डोळे मिटून. केसात कापूस साचला तरी झटके नाही. म्हने, वाजव तू, मी माहेरी जाऊन येतो.

शालू : डोळे मिटून मी नदीवर गेली होती आता. नदीत पानी नव्हतं, कापूसच वाहत होता. हळूहळू.

हबीब : पाय बुडवले?

शालू : हाव. गरम होता.

हबीब : ही दुलई कोनासाठी, शालू?

शालू : नाव नाही सांगाचं. मास्तर म्हंतेत, देनाऱ्यानं नाव घेतलं की घेनाऱ्याची मान खाली जाते.

हबीब : खरं हाय त्याचं. उत्तमराव पाटलानं मले घोंगडी देली, चावडीवर, चार मानसाइत नाव पुकारून. मी वापस केली. थंडी परवडली.

शालू : मले मालूम हाय.

हबीब : बरं, नाव नको सांगू. माप तं सांग. उंच हाय का तो?

शालू : उंच? …हाव. तुमच्यापक्षा चार बोटं उंच.

हबीब : म्हातारा?

शालू : म्हातारा. एकटाच राह्यते. खोकते बी.

हबीब : अरे अल्ला. अशा थंडीत. मंग हा कापूस नाही पुरत, पाय उघडे राह्यतीन त्याचे. ती खुंटीवरची माही दुलई काढ. अन् कात्री दे.

शालू : काऊन?

हबीब : उसवतो. पार चपटी झाली, पन जुना कापूस पिंजला की पुन्हा फुलते. पायापुरता होईन.

शालू : नको चाचा. सलीमाचाचीनं शिवली ना ती?

हबीब : तिनंच. ती असती तं माह्याआधी तिनं कात्री लावली असती. माह्या जीवावर येऊन राह्यलं, खोटं काऊन बोलू. पन आन.

शालू : तुम्ही काय पांघरसान?

हबीब : चुलीपाशी पडीन. तो खोकते म्हंतस ना?

शालू : चाचा, जरासक थांबा. त्यानं दुलई घेतलीच नाही तं? पाटलाच्या घोंगडीवानी वापस केली तं?

हबीब : लेकराइनं मुठीमुठीनं जमवलेली? हे काय चावडीवरचं देनं हाय? यात तुही बाहुली हाय. कोन वापस करन?

शालू : पन केली तं?

हबीब : तं मले सांगजो. मी जाऊन समजावतो त्याले.

शालू : खरंच समजावसान?

हबीब : जबान देली.

शालू : मंग समजावा, चाचा.

हबीब : चाल. कोनतं घर?

शालू : हेच.

(हबीब पिंजणी खाली ठेवतो.)

शालू : चाचा? रागावले?

हबीब : नाही, बेटी. डोळ्यात कापूस गेला.

शालू : मी नाव नाही घेतलं. मास्तराले सांगा, मी नाव नाही घेतलं.

हबीब : नाही घेतलं तू. ती जुनी दुलई टांग परत खुंटीवर. अन् माप चार बोटं कमी धर. मी काही येवढा उंच नाही.