हिरव्या दोऱ्याची हजेरी

सन्माननीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरचे मुख्य डॉक्टर, शासनाकडून मुद्दाम आलेले पडताळणी अधिकारी, पहिल्या रांगेतून मला आत्ताच ‘आटपा’ अशी खूण करणाऱ्या आजच्या सत्कारमूर्ती, म्हणजे आपल्या धुलाईघरातल्या मावशी, त्यांचे यजमान आणि माझ्या सहकाऱ्यांनो,

मी या रुग्णालयातला कारकून. रजा, बदल्या, निवृत्तीचे कागद हे माझं काम, भाषण नव्हे. तरी आज मी बोलणं मागून घेतलं, कारण मावशींच्या गौरवाआधी मला एक कबुली द्यायची आहे.

साथ ओसरल्यावर शासनाने आघाडीवर राबलेल्यांचा सन्मान जाहीर केला. सन्मानपत्र आणि नवराबायकोला आयुष्यभर मोफत उपचारांचं कार्ड. अट एकच: साथीच्या कक्षासाठी नव्वद दिवस काम केल्याचा पुरावा. यादी मी केली. तिच्यात डॉक्टर होते, परिचारिका होत्या, रुग्णवाहिकेचे चालक होते. मीही होतो. काचेमागे बसून माझी हजेरी मी चोख लावली होती ना! धुलाईघरातलं मात्र एकही नाव नव्हतं.

का नव्हतं? कारण त्यांचा हजेरीपटच उरला नव्हता. जुनी मंडळी आत्ताच हसायला लागली आहेत. तो पट एकदा मळक्या कपड्यांसाठीच्या रिकाम्या थैलीत पडून कक्षात गेला आणि कपड्यांबरोबर तसाच परत आला. धुलाईघराच्या दारावर सूचना होती: ‘आतून आलेली कोणतीही वस्तू उकळल्याशिवाय पुढे जाणार नाही.’ मावशींनी सूचना पाळली. चार महिन्यांच्या सह्यांचा लगदा झाला.

मी ओरडलो, “अहो मावशी, कागद कुणी उकळतं का?”

“‘कागद सोडून’ असं कुठं लिहिलंय, भाऊसाहेब?”

सूचना लिहिली होती कुणी? मीच.

यादी करताना हे सगळं मला आठवत होतं. तरी ‘पुरावा उपलब्ध नाही’ असा शेरा मारून मी मोकळा झालो. त्या दिवशीच्या रोजनिशीत मी लिहिलंय, ‘यादी वेळेत रवाना.’ बस्स, एवढंच. ते वाक्य मला पुढे फार दिवस टोचलं. पण टोचणं आणि काही करणं यांत अंतर असतं.

दोन महिन्यांपूर्वी मावशी निवृत्तीच्या कागदांवर सही करायला आल्या. सोबत यजमान होते. साथीत त्यांची फुप्फुसं निकामी होता होता वाचली आहेत. माझ्या टेबलापर्यंतचा एकच जिना, पण ते दोनदा बसले. धाप थांबल्यावर म्हणाले, “साहेब, ते उपचाराच्या कार्डाचं आमचं काही...”

“गप्प बसा हो,” मावशी म्हणाल्या, “त्यांना का कामं कमी आहेत?”

मी नियम उघडला. निवृत्तीनंतर नाव घालता येत नव्हतं. हातात दोन महिने होते. मी विनंतीअर्ज केला, हे अधिकारी आले आणि त्यांनी साहजिकच पुरावा मागितला. मावशींनी भांडारातून एक चादर आणून त्यांच्यापुढे पसरली.

धुलाईघराची एक जुनी रीत आहे. चादर प्रत्येक वेळी धुतली की तिच्या काठावर एक टाका घालायचा. चादर किती धुतली ते त्यावरून कळतं. ज्या बाईने धुतली तिच्या दोऱ्याचा रंग ठरलेला, मावशींचा हिरवा. या चादरी साथीच्या कक्षासाठीच आणलेल्या, कक्षाचा शिक्का असलेल्या आणि साथ संपताच कुलूपबंद झालेल्या. एक चादर दिवसात एकदाच धुतली जाते. पहिल्याच चादरीवर एकशे सात हिरवे टाके निघाले.

अधिकारी साहेब म्हणाले, “बाई, हे खोटं नाही कशावरून?”

“साहेब, खोटी सही पटकन होते. कपाटभर चादरींना खोटे टाके घालायला मला सवड कुठली?”

साहेब हसले. तरी त्यांनी आणखी वीस चादरी मोजल्याच. त्यांच्या जागी मी असतो तर मीही मोजल्या असत्या. मोजून उठले, तर मावशी म्हणाल्या, “आणि पिवळे कुणी मोजायचे?”

पिवळा दोरा त्यांच्या जोडीदारणीचा; साथीच्या कक्षाचे कपडे या दोघीच धूत असत. ती कंत्राटावर होती; आमच्या पक्क्या पटावर तिचं नाव कधी नव्हतंच. मी घाईने म्हणालो, “साहेब, त्या कायम नाहीत.” साहेबांनी नियम पुन्हा वाचला आणि माझ्याकडे पाहत म्हणाले, “अटीत ‘काम’ लिहिलंय. ‘कायम’ कुठं लिहिलंय?”

मग पिवळे टाके मी मोजले; तेही नव्वदच्या वर भरले.

मधल्या काळात मी माझं सन्मानपत्र परत करायला निघालो होतो. मावशींनीच अडवलं. “परतीचं पत्र तुम्हीच लिहिणार, तुम्हीच वाचणार. त्यापेक्षा ती दारावरची पाटी बदला.” आज सकाळी मी ती बदलली. जाता जाता जरूर पाहा: ‘कागद सोडून.’

मंजुरी कालच आली. दोन्ही पाकिटं अध्यक्ष महोदयांपुढे आहेत. मावशींची एकच अट आहे: पहिलं पाकीट पिवळ्या दोऱ्याला. त्या बाई मागे, दारापाशी उभ्या आहेत. कृपा करून त्यांना वाट द्या. आणि यजमानांनी जागेवरच बसून राहावं, त्यांचं कार्ड मी खाली आणून देतो.

अध्यक्ष महोदया, साहेब, आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. बोलताना माझा कुठे टाका चुकला असेल, तर मावशी तो उसवायला समर्थ आहेत. बाकीच्यांनी उदार मनाने सोडून द्यावा.