हळदीला हात नको

आमी बेंगळूरचेच. मराठे म्हणून सांगायचं, पण पुणं मी बघितलेलं नाय, आमच्या आजोबांनी नाय, त्यांच्या आजोबांनीपण नाय. कुठल्या फौजेबरोबर आलो आणि इथंच राहिलो म्हणतात. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. आमचे हे चिकपेटात साडीच्या दुकानात कामाला, आणि मी लग्नाघरचा स्वयंपाक करते. होळगी, म्हणजे तुमची पुरणपोळी, ती सुमनअक्काच्या हातची नसली तर लग्न झाल्यासारखं वाटत नाय, असं आमचे लोक म्हणतात, मी नाय म्हणत.

तर समाजाच्या हॉलापुढं बायकांच्या तपासणीची गाडी आली. मला काय होत नव्हतं, सगळ्या जात होत्या म्हणून गेले. काय सांगू तुम्हाला, छाती मशीनमध्ये दाबून चपटी करतात, जीव वर येतो. मग फोन आला, अक्का, डाव्या बाजूला काहीतरी दिसतंय, दवाखान्यात या, सुईनं तुकडा काढून बघायला पाहिजे. कॅन्सर हाय काय, विचारलं. आत्ताच सांगता येत नाय म्हणे.

त्याच सुमाराला माझ्या नणंदेच्या, विमलाच्या लेकीचं लग्न, स्वयंपाक माझ्याकडंच होता. घरची बाई म्हणून मी तिलाच पहिलं सांगितलं. तिनं डोळ्याला पदर लावला, माझा हात धरून बसली. आणि लगेच दुसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्याचा आमच्या ह्यांना फोन, वैनींना आराम पडू दे, स्वयंपाकाला दुसरं माणूस बघितलंय. सरी, असू दे, म्हटलं, काळजी असंल. हळदीला मात्र गेले, मामी ना मी. वाटी उचलली तर विमलानं मनगट धरून मला बाजूला नेलं आणि हळू म्हणते, वैनी, हळदीला हात नका लावू, पोरीचं शुभकार्य हाय, आणि तुमचं ते तिथलं... तिथलं म्हणाली बघा. छाती म्हणायला जीभ उचलंना. पाणी आलं तर सगळ्यांना स्टीलचे पेले, मला एकटीला कागदाचा. लागण होते काय ग ह्याची, मी विचारलं. तसं नाय वैनी, पण लोक काय म्हणतील. लोक कुठले आले, तीच म्हणत होती. असली शिसारी आली मला, न जेवता उठले, मेट्रो धरून घरी आले. ह्यांना सांगितलं तर हे टीव्ही लावून बसले. बहिणीला एक शब्द बोलले नाय, त्याचीपण शिसारी आली. पण सुईच्या दिवशी दुकानाला रजा टाकून आले आणि सगळ्या बायकांत एकटे मान खाली घालून बसले.

तिथं शेजारी एक पोरगी, मानसी नाव. पुण्याची, कंप्युटरच्या कंपनीत, इंदिरानगरात एकटी राहते, तिचं कंपनीच्या तपासणीत निघालेलं. काकू, तुमचं मराठी किती वेगळं हो, म्हणून हसली. हातातली फाईल मात्र उघडून परत परत तेच पान बघत होती.

माझा रिपोर्ट चांगला आला. साधी गाठ हाय, सहा महिन्यांनी परत दाखवा म्हणाले. तिचा नाय आला चांगला, फोन करून तिनंच सांगितलं.

आणि विमला नारळ, मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा गजरा घेऊन दारात हजर. देवानं ऐकलं वैनी. माझ्या कपाळाला कुंकू लावते, गळ्यात पडते, वर म्हणते जावई पहिल्यांदा जेवायला यायचेत, होळगी तुमच्याच हातची पाहिजे. म्हणजे रिपोर्ट साफ आला तशी मी धुतली गेले! मी म्हटलं, मला जमणार नाय, एका पोरीला कॅन्सर हाय, तिला जेवण न्यायचंय मला. गळ्यातला हात कसा झटकन काढला तिनं, तुमी बघायला पाहिजे होतं.

आता मानसीला औषध चढवतात. आई पुण्याहून येऊन जाऊन असते, तिकडं वडील अंथरुणाला. म्हणून मी जाते, स्वल्प मऊ भात, साधं सारू, म्हणजे तुमचं सार, जाईल तेवढं. कधी राहतं पोटात, कधी सगळं बाहेर. सॉरी काकू, सॉरी काकू करत रडते. ओक ग बाई, म्हणते मी, ह्याची कसली किळस? तिचं बेसिन धुते, तोंड पुसते, मला काय वाटत नाय. माणसांची येऊन गेलीय ना, ह्याची येत नाय आता.

बरी होईल म्हणतात डॉक्टर. होऊ दे, देव तिला भरपूर आयुष्य देऊ दे. आज कितीतरी दिवसांनी आपण होऊन म्हणाली, काकू, उप्पिट खावंसं वाटतंय. उठते मी, रवा भाजायचा हाय.